न तापणारे भांडे

गोंडपिपरी,
२२ ऑगस्ट १९८६

प्रिय सत्यशीला,
सप्रेम जय भीम.

तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती लेखी नोंदवावी असे मी पुष्कळ विचारांती ठरवले आहे. तुझ्या मैत्रिणीच्या भावाने नागपूरहून आणून दिलेली पेटी आम्ही उभयतांनी यथाविधी उघडली. शेजारच्या ठमाबाई साक्षीला होत्या. त्यांना बोलावले नव्हते. पण थेट मस्कतहून आलेली पेटी उघडताना ठमाबाईंना बोलवावे लागत नाही. त्या पेटीतून जे चिरण्याचे यंत्र निघाले, त्याने या घरातील काकडीचे स्वरूप पार पालटून टाकले आहे. काकडीची चकती जाड असावी आणि दाताखाली तिचा आवाज व्हावा, एवढीच माझी अपेक्षा असते. आता ताटात येते ती चकती इतकी पातळ, की तिच्यातून ताटाचे पितळ दिसते. काल मी एक उचलून उजेडाकडे धरली तर पलीकडे ठमाबाई दिसल्या. जेवताना माणसाला काय काय पाहावे लागावे, याला काही मर्यादा आहे.

यंत्र चतुर्मुख आहे. एक पाते चकत्यांचे, एक काड्यांचे, एक किसाचे आणि चौथे कशाचे ते ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. तुझी वहिनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "पावशीवर पाय देऊन बसलं का पावशी कशी आपल्या हुकमात राह्यते. याच्यावर कुठी पाय देऊ?" प्रश्न बिनतोड होता. मस्कतच्या बायका विळीला पावशी म्हणत नसल्या, तरी त्यांनाही पाय आहेतच. त्यांचे त्या काय करतात ते कळव.

परंतु न्यायाने बोलायचे तर यंत्राची बाजूही मांडली पाहिजे. सध्या वास्त्यांचे दिवस आहेत. रविवारी जंगलाकडची सोनीबाई बांबूचे कोवळे कोंब टोपलीभर घेऊन दारात आली. दरवर्षी हे वास्ते बारीक चिरण्यात तुझ्या वहिनीची अख्खी दुपार जाते, हे तू जाणतेसच. या वेळी सोनीबाईचा चहा संपायच्या आत टोपली अर्धी झाली. सोनीबाई कप हातात धरून बघतच राहिली.

"बाई, हे काय वं? सुताराचा रंधा हाये का?"

"नंदेनं पाठवला समुद्राच्या तिकून," वहिनी म्हणाली.

"मंग तिकडं बी वास्ते निंगतेत?"

इथवर सर्व ठीक होते. पण ताटातले शेवटचे मूठभर वास्ते लालसर दिसले, म्हणून मी चष्मा पुसला. तरीही लालच. तुझ्या वहिनीच्या, अंजनाच्या, अंगठ्याचा शेंडा सोलून निघाला होता आणि ती कापतच होती! मी ओरडलो तेव्हा तिने आधी अंगठ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "वरडता काऊन? लागलं तं मले, तुमाले नाई." अशी वीरांगना पदरी असताना मी आयुष्यभर नववी-दहावीला शब्दरूपे का शिकवीत बसलो, कोण जाणे.

आता काचेच्या झाकणाच्या भांड्याविषयी. तुझी चिठ्ठी म्हणते, ‘हे मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं.’ मायक्रोवेव्ह कोठे ठेवायचा हे चिठ्ठीत नाही, कारण तो पेटीतच नाही. बैल तिकडे ठेवून तू इकडे झूल पाठवली आहेस. अंडी करण्याची जी चार खळग्यांची प्लास्टिकची ताटली आहे, ती मी शाळेत नेली आहे. तिच्यात खडू छान राहतात.

बाकी क्षेम. उत्तर सविस्तर लिही आणि स्वतःचा बचाव काय तोही लिही.

तुझा,
वामनभाऊ


मस्कत,
१० सप्टेंबर १९८६

भाऊ,
जय भीम.

ज्या ताटलीत तू खडू ठेवतोस, तसल्याच ताटलीत मी रोज अंडी करते. म्हणजे तुझ्या नववीतल्या पोरांच्या खडूला माझ्या नाश्त्याचा मान मिळाला. काय बोलणार?

तुला वाटतं इथं नुसती चैन आहे. आम्ही चौघी नर्सेस एका क्वार्टरमध्ये राहतो, तिघी केरळच्या आणि मी. ड्युटी संपवून आलं की पाय असे दुखतात की उभं राहवत नाही, आणि स्वयंपाकघरात मावतं एकच माणूस. म्हणून मग हे सगळं. आलूच्या चकत्या त्या यंत्रावर सरसर काढायच्या, मीठ-तिखट, थोडं तेल, काचेच्या भांड्यात घालून झाकण ठेवायचं, आणि मशीनमध्ये. ते गुरगुरतं, घंटी वाजते, झाली भाजी. गंमत म्हणजे आतलं अन्न वाफाळतं आणि भांडं जवळजवळ थंड. नुसत्या हातांनी उचलायचं. पहिल्यांदा मला खोटंच वाटलं होतं. मशीन मी एप्रिलमध्ये सुट्टीवर येताना आणीन. तोवर भांडं अडवून ठेवू नकोस. ती काच विस्तवाला टिकते, फक्त उघड्या जाळावर नको. तव्यात वाळू पसर आणि शेगडीवर ठेव.

आणि भाऊ, यंत्रासोबत एक पांढरी टोपी होती ना, खालून खिळे असलेली? ती बोटांसाठी आहे! भाजी तिच्यात टोचून धरायची, म्हणजे हात पात्यापर्यंत जातच नाही. तू तिचं काय केलंस? वहिनीला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का? हे नणंद म्हणून नाही, सिस्टर म्हणून विचारते.

हे सामान पाठवलं ते वहिनीसाठीच. मागच्या सुट्टीत मला तिचं चिरणं हळू वाटलं. आधी ती कशी बोलता बोलता कोहळं संपवायची. पन्नाशी जवळ आली, हात थकले असतील म्हटलं. तिला सांग, पावशी माळ्यावर टाक.

सत्या


गोंडपिपरी,
१८ ऑक्टोबर १९८६

प्रिय सत्यशीला,
सप्रेम जय भीम.

इंजेक्शन दिले. टोपी सापडली. तिच्यावर मी दाढीचा ब्रश उभा करून ठेवीत होतो. खिळ्यांमुळे फार सोयीचे पडत असे. आता ती तिच्या पदावर रुजू झाली आहे.

पण आज लिहायला बसलो आहे ते तुझ्या भांड्याच्या विजयाचे वृत्त कळवण्यासाठी. धम्मचक्र दिनाला विहारातील वंदना आटोपल्यावर दहाबारा मंडळी आपल्याकडे जेवायला होती. तू सांगितल्याप्रमाणे तव्यात वाळू, वाळूवर भांडे, भांड्यात आलूच्या चकत्या आणि वर बारीक चिरलेला हिरवा सांबार. काचेतून भाजी शिजताना दिसत होती. मंडळी भाषण ऐकावे तशी शेगडीभोवती बसून भाजी ऐकत होती. आपले बाबा असते तर म्हणाले असते, "वामन, तुले संस्कृत शिकवलं त्याच्यापरीस हे बरं."

भाजी झाली. मी फडके शोधत होतो, तोवर तुझ्या वहिनीने दोन्ही हातांनी भांडे सरळ उचलले, चार पावले चालत आणून मंडळींच्या मधोमध ठेवले आणि झाकण काढले. वाफेचा लोट उठला. एकजण म्हणाला, "बाई, हात पोळला नाई?" ती हसली. मी तत्काळ पुढे होऊन सभेला तुझ्या पत्राचा आशय समजावून दिला, की हे भांडे असेच घडवलेले आहे, अन्न तापते, भांडे तापत नाही. मी तर्कशुद्ध रीतीने मांडणी केली. प्रतिज्ञा, भांडे थंड आहे. हेतू, कारण ते उचलणाऱ्याचा हात भाजला नाही. उदाहरण, मस्कत येथील माझी बहीण. कोणीही आक्षेप घेतला नाही.

फक्त ठमाबाईंनी खात्री करून घ्यावी म्हणून बोट लावले आणि "माय वं!" म्हणून अंगणापर्यंत पळाल्या. पण मी हा पुरावा मानत नाही. ठमाबाईंना बर्फाच्या गोळ्याचाही चटका बसतो.

एकंदरीत तुझ्यावरील भांड्याचा दावा मी मागे घेत आहे. काकडीचा मात्र कायम.

तुझा,
वामनभाऊ

ता. क. वहिनीच्या डाव्या तळहाताला दुसऱ्या दिवशी दोन मोठे फोड आले. ती म्हणते सरपण आणताना काही चावले असेल. त्यावर काय लावावे?


मस्कत,
३ नोव्हेंबर १९८६

भाऊ,

हसू नको. हे पत्र एकट्याने वाच.

ते भांडं फक्त मशीनमध्ये थंड राहतं. मशीन भांडं तापवत नाही, अन्न तापवतं. शेगडीवर ते इतर कुठल्याही भांड्यासारखंच तापतं, किंबहुना जास्त. ठमाबाई खरं बोलत होत्या. ते फोड किड्याचे नाहीत, चटक्याचे आहेत. वहिनीचा हात पोळला आणि तिला ते कळलं नाही. अंगठा सोलला गेला तेव्हाही तिला कळलं नव्हतं. तू लाल वास्ते पाहिलेस, तिने नाही.

मी तिथं नाही, तपासल्याशिवाय काही म्हणू नये. पण नागपूरला ट्रेनिंगमध्ये आम्ही हे किती पाहिलं आणि आपल्या भागात ते किती आहे, हे तुलाही ठाऊक आहे. मला कुष्ठरोगाचा संशय येतो. शब्द सरळ लिहिते, कारण शब्दाला भ्यायची सवय आपल्या लोकांना फार.

एवढंच कर. वहिनीला डोळे मिटायला सांग. कापसाची वात तिच्या बोटांवर, तळहातावर, कोपरापर्यंत हळूच टेकव आणि कुठं लागलं ते बोट ठेवून दाखवायला सांग. दंडावर, पाठीवर फिकट डाग आहे का बघ. मग तिला चंद्रपूरला घेऊन जा. आता नवीन गोळ्या निघाल्या आहेत, हा रोग बरा होतो. पण हाताला जाण देणारी शीर जितके दिवस मार खाते तितकी ती मरते. म्हणून उशीर नको.

लगेच लिही.

सत्या


गोंडपिपरी,
१४ डिसेंबर १९८६

प्रिय सत्यशीला,
सप्रेम जय भीम.

पत्रास विलंब झाला. चाचणी परीक्षा होत्या आणि उत्तरपत्रिकांत विद्यार्थ्यांनी जे संस्कृत लिहिले आहे ते मी अद्याप पचवतो आहे.

थंडी छान पडली आहे. बाजारात वांगी, मेथी, पुस्तकात ज्यांना टोमॅटो म्हणतात ते भेद्रे, सगळे ढिगाने आले आहे. तुला कळवण्यास आनंद होतो, की घरातील सर्व भाजी हल्ली मी चिरतो. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. माणसाला चाळिशीनंतर एखादा छंद असावा, असे आमचे हेडमास्तर म्हणतात. त्यांचा पोस्टाची तिकिटे जमवण्याचा आहे, माझा हा. टोपी लावून तुझ्या यंत्रावर कांदा इतका सुबक निघतो, की रडताना कौतुकही वाटते. पावशी मी माळ्यावर टाकली, तूच म्हणाली होतीस. चहाही मीच उतरवतो. तुझी वहिनी चुलीपासून जरा लांब बसून सूचना देते आणि मी त्या ऐकतो असे दाखवतो.

भांडे तापते. ते मी परवा शेगडीवर असताना हात लावून पाहिले. तुझे म्हणणे बरोबर आहे. माझा पंजा अजून हुळहुळतो.

कापूस घरात आहे. मी वात वळून तयारही ठेवली आहे. आयुष्यभर मी पोरांच्या परीक्षा घेतल्या, आणि घेताना कधी माझा हात थबकला नाही. ही परीक्षा थोडी पुढे ढकलली आहे, इतकेच. नवीन वर्षाच्या सुट्टीत बघू.

तुझे तिकडे कसे चालले आहे? केरळच्या मुलींना आपला झुणका येतो का आता?

तुझा,
वामनभाऊ


गोंडपिपरी,
२० डिसेंबर

सत्याबाईले वहिनीचा जय भीम.

मी कवा तुमाले चिठी लिवली नाई. अक्षर खराब हाये, सांभाळून घेजा. तुमच्या भावानंच मले अक्षरं शिकवले, लग्न झाल्यावर, पाटीवर. तवा माया हात धरून गिरवून घेत.

हे शाळेत गेले म्हणून लिवून राह्यली. तुमची चिठी यायनं बुकात लपून ठेवली, कोणत्या बुकात ठेवतीन ते मले का समजत नाई? मी वाचली. दोन दिस लागले पण समदी वाचली.

सत्याबाई, मले ठावं हाये. मागच्या उन्हाळ्यात मोह वेचाले गेलती तवा पासून. काटा रुतला हाताले आन् मी घरी येऊन पायलं तं काटा हाये, पण दुखणं नाई. मग बाहीखाली एक चट्टा दिसला, पांढुरका. मंग मी एक दिस शेगडीतला निखारा हातानं उचलून पायला. उचलता आला. तवा मले समजलं.

धम्मचक्राच्या दिशी मी ते भांडं उचललं तवा मलेबी वाटलं होतं का खरंच थंड असन. तुमच्या भावानं तुमची चिठी आधी वाचून दाखवली होती नं, आन् मंग समद्याईले तेच सांगतलं. मी म्हटलं, चांगलं झालं, या भांड्यात मायी गोष्ट लपून राहीन.

मायी मावशी केसरबाई, तुमाले ठाव नसन. तिले असंच होतं. तिले वावरातल्या खोपडीत ठेवलं होतं. आमी पोरी भाकर दगडावर ठेवून पळून येत. ती दुरून म्हणे, "पोरीयहो, भाजीत मीठ बरोबर हाये." ते पळून येणं मले आतालोक सपनात दिसते.

म्हणून तुमच्या भावाले सांगू नका. ते मास्तर हायेत. गावात इज्जत हाये. समजलं तं लोक यायच्या शाळेत पोरं पाठवतीन का? मी सोचलं हाये, होळी झाली का मायेरी जातो म्हणून निंगीन आन् तिकडं दवाखान्यात जाऊन राहीन, जथी असे लोक राह्यतेत. यायले वाटन मायेरी हाये.

हे आता भाजी चिरून राह्यले. म्हणतात, मले आवडते. सत्याबाई, यायले खोटं बोलता येत नाई. हे भाजी चिरता चिरता मायाकडे पाह्यतेत, आन् मी पायलं का कांद्याकडे पाह्यतेत. कांद्यानं डोळे लाल झाले म्हणतात. परवा तं वांगे होते.

तुमी आपल्या जागी खुशाल राहजा.

अंजना


मस्कत,
८ जानेवारी १९८७

भाऊ आणि वहिनी,

ही दोघांसाठी एकच चिठ्ठी आहे. वहिनीने वाचायची, भाऊने ऐकायची, मध्ये बोलायचं नाही.

वहिनी, तू सांगू नको म्हणालीस. मी सांगते आहे. पाहिजे तर पुढच्या सुट्टीत मला जेवायला देऊ नको. भाऊ, वहिनीला सगळं माहीत आहे, तुझ्याही आधीपासून. तिने माझं पत्र तुझ्या पुस्तकातून काढून वाचलं. ती होळीनंतर तुला न सांगता घर सोडून जाणार होती, तुझं नाव सांभाळायला. आणि तू वात वळून ठेवलीस आणि लावली नाहीस, तिचं मन सांभाळायला. एका घरात दोन माणसं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत बसली आहेत, आणि त्यात शीर मरते आहे.

आता ऐका. गोळ्या सुरू केल्या की थोड्या दिवसांत रोग दुसऱ्याला लागत नाही. वेगळं ताट नको, वेगळं अंथरुण नको, खोपडी तर नकोच. वहिनी, केसरमावशीच्या वेळी या गोळ्या नव्हत्या. आता आहेत. तुला कुठंही जाऊन राहायचं नाही. चंद्रपूरला जा, गोळ्या आणा, घरी या, भाजी करा.

हात मात्र जपायला हवेत, कारण त्यांना कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं. रोज संध्याकाळी दोन्ही हात उजेडात धरून बघायचे, कुठं चिरलं, पोळलं का. लाकडी मुठीचा झारा, जाड फडकं. चिरायला यंत्र आणि त्याची टोपी, टोपीशिवाय कधीच नाही. आणि ते मशीन मी एप्रिलमध्ये आणतेच. गंमत म्हणून नाही. त्यात भांडं तापत नाही, म्हणून वहिनीला ते उचलता येईल. झाकण काढताना वाफ मात्र तोंडाकडून नाही, पलीकडून जाऊ द्यायची.

भाऊ, तुझं शेवटचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात थंडी आहे, हेडमास्तर आहेत, कांदा आहे. तू लहानपणापासून असंच करतोस. आई गेली तेव्हाही तू मला पत्रात बैलाच्या खोडीची गोष्ट लिहिली होतीस. एकदा तरी विनोद बाजूला ठेव आणि सरळ लिही, तुला नेमकी भीती कशाची वाटते?

सत्या


गोंडपिपरी,
१५ मार्च १९८७

प्रिय सत्यशीला,
सप्रेम जय भीम.

तुझी आज्ञा अक्षरशः पाळली. अंजनाने वाचले, मी ऐकले. ती अडखळली तिथे मी शब्द सुचवायला गेलो, तर म्हणाली, "मध्ये बोलू नका, लिवलं हाये." खोपडीच्या ओळीशी ती थांबली. मग पत्र खाली ठेवून म्हणाली, "मी तुमच्या बुकातून चिठी काढून वाचली, तुमी रागावले नाई?" मी म्हणालो, माझी पुस्तके कोणीतरी वाचली याचाच आनंद आहे. ती हसली.

वात मीच लावली, त्याच बैठकीत. ती डोळे मिटून बसली होती. मनगटापासून वर तिने सगळीकडे बरोबर बोट ठेवले. बोटांवर आणि तळहातावर मी वात टेकवत होतो आणि ती विचारत होती, "सुरू केलं का?"

मग चंद्रपूर. तिथल्या दवाखान्यातले पत्रूजी नावाचे कुष्ठरोग तंत्रज्ञ फार भले गृहस्थ. त्यांनी तिची कोपरामागची शीर चाचपून पाहिली आणि मला विचारले, "मास्तर, इतके दिवस का वाट पाह्यली?" मी त्यांना भांड्याची गोष्ट सांगितली, प्रतिज्ञा आणि हेतूसकट. ते हसले नाहीत. माझा तर्क त्यांना इतका चुकीचा वाटला असावा. हात भाजला नाही म्हणून भांडे थंड; हात थंड पडला असेल हे माझ्या डोक्यात आलेच नाही. हेत्वाभास म्हणजे फसवे कारण, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

गोळ्या सुरू आहेत. रंगीत असतात. वहिनीचा रंग थोडा काळवंडला आहे, ती आरशाला म्हणते, "बरं झालं, आता ऊन लागलं म्हणता येते." गावात कळले. ते कळणारच होते, कारण ठमाबाईंना फोडांचा अर्थ माझ्याआधी कळला होता. हल्ली त्या अंगणाच्या पलीकडूनच बोलतात आणि आमच्या घरचा चहा त्यांना पित्ताला चालत नाही. नववीतली दोन मुले शाळेत यायची थांबली होती. हेडमास्तरांनी त्यांच्या घरी जाऊन काय सांगितले ते मला सांगितले नाही, पण मुले परत आली आहेत आणि खडूच्या ताटलीतला खडू माझ्या हातून घेतात. सोनीबाई मात्र होती तशीच आहे. परवा मोह घेऊन आली, चहा घेतला, गोळ्या पाहिल्या आणि म्हणाली, "हेच का? मायी नंद बी खाते. काऊन एवढं गुमसुम बसल्या वं बाई?" आणि कप पुढे केला, अजून द्या म्हणून.

अंजना कुठेही गेली नाही. होळी इथेच झाली. पावशी मी माळ्यावरून काढून सोनीबाईला देऊन टाकली.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. लोक काय म्हणतील याची भीती वाटत होती, ती आता फारशी नाही. म्हणायचे ते म्हणून झाले. रोग जाईल असे पत्रूजी म्हणतात, तूही म्हणतेस, मी मानतो. पण गेलेली जाण हातात परत येईल का, असे मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "बघू." आणि लगेच दुसऱ्या रुग्णाकडे वळले.

परवा ती आलू कापत होती, टोपी लावून. डाव्या हाताने यंत्र धरले होते. मी शेजारी बसलो होतो. पाटीवर गिरवून घेताना धरायचो तसा सहज तिच्या डाव्या हातावर हात ठेवला. ती कापत राहिली. सोनीबाईच्या नंदेबद्दल काही सांगत राहिली. मी हात काढला नाही. बऱ्याच वेळाने तिची नजर खाली गेली आणि ती बोलता बोलता थांबली.

"कवापासून हाये?" तिने विचारले.

"आत्ताच ठेवला," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. समोर कांदा नव्हता.

सत्या, मला भीती वाटते ती याची.

वामन